धरा, धरा, अजून धरा

कर्जत-खालापूरच्या माणसाला ताटकळणं शिकवावं लागत नाही. संध्याकाळी दादरला कर्जत लोकलमध्ये शिरलेला गृहस्थ कल्याणपर्यंत एका पायावर उभा असतो, कारण दुसरा पाय टेकायला जागा कल्याणलाच होते. एक हात वरच्या कडीत, दुसरा सॅकच्या पट्ट्यावर, मान शेजाऱ्याच्या कोपरामुळे डावीकडे वळलेली. आणि तशा स्थितीत तो तिसऱ्याच कुणाच्या मोबाइलवर क्रिकेट बघत असतो. खालापूरकडची तालीम निराळी. शुक्रवारी संध्याकाळी द्रुतगती मार्गाच्या टोलनाक्यावर क्लच अर्धा दाबून किती वेळ बसता येतं, हे त्या रांगेतल्या प्रत्येक पोटरीला ठाऊक आहे. अंगारकीला महडच्या वरदविनायकाच्या रांगेत आजीबाई तासन्‌तास उभ्या राहतात, आणि पुढच्याने मध्येच कुणाला घुसवलं तर भांडण्यापुरती ताकद त्यांच्याकडे शिल्लक असते. त्याच देवळातला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवतो आहे असं सांगतात. एकूण पंचक्रोशीत चिकाटीला तोटा नाही.

त्यात पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या. बोरघाटातली चढण सदतीसला एक, म्हणजे सदतीस फूट पुढे जावं तेव्हा गाडी एक फूट वर चढते. एकट्या इंजिनाला ते झेपत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कर्जतला गाडीच्या मागे ढकलायला जादा इंजिनं लावतात. रेल्वेच्या भाषेत बँकर. ती जोडून होईपर्यंत दिवाडकरांचा बटाटेवडा घ्यायचा, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. एक पाय फूटबोर्डवर, एक फलाटावर, एक हात दांड्याला, दुसरा नोटेसकट पुढे, कमरेत पीळ, नजर सिग्नलवर. या आसनाला ग्रंथांत नाव नाही. पण त्यात गाडी हलेपर्यंत थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. काही तर हलल्यानंतरही थांबतात, सुटे पैसे परत यायचे असतात.

आता याच माणसाला घरच्या हॉलमध्ये चटई अंथरून त्रिकोणासनात तीस सेकंद थांबायला सांगा.

सातव्या सेकंदाला त्याला गॅसवरचं दूध आठवतं. जन्मात त्याने दूध तापवलेलं नसतं. दहाव्या सेकंदाला दाराची बेल वाजल्यासारखी वाटते. बाराव्याला ऑफिसातला एक ईमेल आठवतो, जो त्याने तीन दिवस मुद्दाम उघडलेला नसतो. पंधराव्याला तो खालूनच, घोट्याशी बोलत, विचारतो, "झाली का तीस?"

आसनं कोणती करायची यावर घरात कधी वाद होत नाही. पुस्तकात चित्रं असतात, ज्याला जे जमण्यासारखं दिसतं ते तो निवडतो, बाकीची पानं उलटतो. वाद होतो तो किती वेळ यावर. कारण वेळ मोजायला कुणीतरी लागतं, आणि आपलीच वेळ आपण मोजायची म्हटलं की हरिश्चंद्रही डगमगेल. वज्रासनात बसलेला माणूस एक… दोन… असं सावकाश, प्रत्येक आकड्याला मान देत मोजतो. त्याच माणसाला नौकासनात घाला, म्हणजे एकदोनतीनचार एका दमात होतात आणि सातानंतर थेट दहा येतात. आठ आणि नऊ कुठे गेले याची चौकशी करायला त्या वेळी कुणाच्याच पोटात जोर नसतो.

म्हणून काही घरांत मोजणी दुसऱ्याकडे सोपवतात. ओळखीच्या एका घरात नवऱ्याच्या आसनांचे आकडे बायको मोजते, आणि तेही स्वयंपाकघरातून. आदल्या रात्रीचं भांडण मिटलेलं असेल तर वीस आकडे वीस सेकंदांत होतात. मिटलेलं नसेल तर बारा आणि तेराच्या मध्ये भाजी फोडणीला पडते, चिरायची राहिलेली कोथिंबीर चिरून होते, माहेरी एक फोनही होतो. नवरा तोवर पश्चिमोत्तानासनात, स्वतःच्या पायांचे अंगठे धरून, कपाळ गुडघ्याला टेकवायच्या प्रयत्नात. माफी मागायला याहून सोयीची स्थिती नाही, आणि बहुतेक वेळा तो ती मागतोच. मग तेरा, चौदा, पंधरा पटापट येतात.

आमच्या आळीतल्या काकूंचं घड्याळ म्हणजे प्रेशर कुकर. कुकर चढवायचा, चटईवर यायचं, पाय वर करायचे आणि पहिली शिट्टी होईपर्यंत सर्वांगासन. छोल्यांच्या दिवशी शिट्ट्या जास्त, म्हणून त्या दिवशी शवासन जास्त. ही पद्धत वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली आहे. अडचण येते ती सिलिंडर संपत आला की. आच मंदावते, शिट्टी होत नाही, काकू वरच. अशा वेळी त्यांची सून हॉलमध्ये डोकावते, सासूबाईंचे पाय अजून हवेत आहेत असं दिसलं की काही न बोलता नवा सिलिंडर नोंदवते.

विशेष म्हणजे काकूंचं गणित पुस्तकाला धरून आहे. बी. के. एस. अय्यंगारांनी त्यांच्या ग्रंथात सर्वांगासनाला निदान पाच मिनिटं द्यायला सांगितली आहेत, आणि बेताच्या आचेवर डाळतांदळाची पहिली शिट्टी साधारण तेवढाच वेळ घेते. अय्यंगारांचा तो ग्रंथ १९६६ साली इंग्रजीत निघाला, मराठीत 'योगदीपिका' म्हणून आला, आणि ज्या घरांत ज्ञानेश्वरी आणि रुचिरा असायची त्या घरांत त्याच फळीवर जाऊन बसला. आसनात किती थांबायचं हे त्यात बहुतेक ठिकाणी साफ लिहिलेलं आहे. त्रिकोणासन अर्धा ते एक मिनिट. शवासन पंधरा ते वीस मिनिटं. वाचकांनी शवासनाचा आकडा तेवढा मनापासून स्वीकारला.

अय्यंगारांच्या स्वतःच्या चिकाटीबद्दल बोलायलाच नको. १९३७ साली ते पुण्यात आले ते सहा महिने योग शिकवायला म्हणून. २०१४ साली वारले, तेही पुण्यातच. शिष्यांचं शरीर आसनात टिकावं म्हणून त्यांनी पट्टे, ठोकळे, दोर, गाद्या, खुर्च्या अशी सगळी फौज उभी केली. गुडघा वाकत नाही? खाली घडी ठेवा. हात पोचत नाही? पट्टा घ्या. म्हणजे 'मला जमत नाही' हे सांगून पळायची वाट त्यांनी बंद केली. त्यांचे गुरू टी. कृष्णम्माचार्य म्हैसूरचे, आणि नात्याने त्यांचे मेहुणे. अय्यंगारांची बहीण त्यांच्या घरात दिली होती. याच गुरूंचे दुसरे शिष्य पट्टाभि जोइस. ते मिनिटं मोजत नसत, श्वास मोजत. बहुतेक आसनांत पाच श्वास, की पुढे चला. एकच गुरू, आणि शिष्यांच्या हाती दोन वेगळी घड्याळं. आमच्याकडे लग्नात दोन मेहुण्यांचं पंगतीच्या वेळेवर एकमत होत नाही, तेव्हा यात नवल वाटायचं कारण नाही.

मोजण्याची खोड मात्र मुळात पुण्याची नव्हे, ती लोणावळ्याची. खोपोलीत उभं राहून मान वर केली की जो घाट दिसतो, त्याच्या माथ्यावर १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं. मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. नौली करताना पोटात नेमकं काय होतं हे बघायला या माणसाने क्ष-किरणाचं यंत्र लावलं, दाब मोजायला नळ्या लावल्या, आणि आलेले आकडे 'योगमीमांसा' नावाच्या नियतकालिकात छापले. त्याआधी योग्याचा अनुभव सांगायची रीत अशी होती की डोळे मिटायचे आणि हलकंसं हसायचं. गुण्यांनी हसण्याच्या जागी तक्ता आणला. कुठलं आसन किती वेळापासून सुरू करायचं, आठवड्याला किती वाढवायचं आणि कुठे थांबायचं. 'कुठे थांबायचं' हा रकाना मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि घरोघरी नेमका तोच कुणी वाचत नाही.

गुण्यांचे गुरू मालसरचे परमहंस माधवदास. त्यांचेच आणखी एक शिष्य मणिभाई देसाई, म्हणजे श्री योगेंद्र, यांनी १९१८ साली मुंबईत योग इन्स्टिट्यूट काढली. ती आज सांताक्रूझला आहे आणि संसारी माणसाला झेपेल एवढंच करा असं सांगत आली आहे. म्हणजे आमच्या एका बाजूला सांताक्रूझ, दुसऱ्या बाजूला घाट चढून लोणावळा आणि पुढे पुणे. मधोमध कर्जत जंक्शन. सगळ्या पद्धती इथे एका फलाटावर येतात, आणि घरच्या चटईवर मधल्यामध्ये लटकतात. पाच श्वास घ्यायचे, पण पट्टा लावून. तक्ता लोणावळ्याचा, पण फक्त रविवारी. सांताक्रूझचं जरा मागे पडतं, कारण ते पश्चिम रेल्वेवर आहे आणि त्यासाठी दादरला गाडी बदलावी लागते.

यातला सर्वांत सोपा मार्ग औंधच्या राजेसाहेबांनी दाखवला होता. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा घरोघरी, शाळोशाळी प्रसार केला. त्यात थांबायचा प्रश्नच नाही. एका स्थितीतून दुसरीत जायचं, मोजायचे ते नमस्कार. आमच्या वडिलांच्या पिढीला हे फार मानवलं. त्यांना बारा म्हणजे बारा कळत होतं. 'शरीराला विचारा, ते सांगेल' असलं काही त्यांच्या शरीराने त्यांना कधी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

जुन्या ग्रंथांकडे जावं तर तिथे दोन टोकं. पतंजलींनी आसनावर दोन-तीन सूत्रं खर्च केली आणि मिनिटांचा उल्लेखही केला नाही. स्थिर असावं, सुख वाटावं, प्रयत्न सैल पडावा, एवढ्यात आटोपलं. उलट हठयोगप्रदीपिकेत विपरीतकरणीबद्दल लिहिलंय की पहिल्या दिवशी क्षणभरच करा, मग रोज थोडं थोडं वाढवा. इथपर्यंत कुठलाही समंजस डॉक्टर हेच सांगेल. पुढे ग्रंथ म्हणतो की सहा महिन्यांनी सुरकुत्या आणि पिकलेले केस दिसेनासे होतात, आणि जो रोज एक याम, म्हणजे तीन तास, हे करील तो काळाला जिंकतो. तीन तास! कर्जतहून सीएसएमटीला जाऊन, तिथे चहा पिऊन, परतीच्या गाडीत बसेपर्यंतसुद्धा तीन तास होत नाहीत. आणि हे सगळं पाय वर करून. काळाला जिंकण्याचं राहू द्या, पण केसांचा मुद्दा आमच्या एका मित्राने मनावर घेतला. पाच मिनिटं विपरीतकरणी आणि उरलेल्या वेळात मेंदी, अशी त्याने तडजोड केली आहे. केस तांबूस झालेत. श्रेय कुणाला द्यायचं हे तो सांगत नाही.

घरी कुणाचंच जमत नाही म्हटल्यावर माणसं वर्गाला जातात. आमच्याकडे देवळाच्या सभामंडपात सकाळी सहाला योगवर्ग भरतो. शिकवतात ते निवृत्त हेडमास्तर. फी नाही, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. सरांची पद्धत अशी की आधी वर्गाला आसनात न्यायचं आणि मग माहिती द्यायची.

"हं, पाय वर. गुडघे ताठ. हात पुढे. धरा. हे नौकासन. याने पोटाचे स्नायू बळकट होतात. धरा. पचन सुधारतं. धरा, धरा. आता पचन म्हणजे काय?"

वीसेक माणसं थरथरत असतात आणि सर जठरातून लहान आतड्याकडे निघालेले असतात. आयुष्यभर विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे एक इंद्रिय हाती घेतलं की त्याचं स्थान, रचना, कार्य आणि आकृती. आकृती ते हवेत बोटाने काढतात. ती बघायला मान वळवायची नाही, कारण नजर पायाच्या अंगठ्याकडे. मग स्वादुपिंड. "इन्सुलिन कुठून स्रवतं? कोण सांगेल?" त्या अवस्थेत उत्तर द्यायला तोंड उघडलं तर जे बाहेर पडेल ते शब्द असतील याची खात्री नसते. कुणीच सांगत नाही, म्हणून सर तेही समजावून सांगतात. "अजून धरा."

यातून वर्गात एक अलिखित कोष्टक तयार झालं आहे. ज्या आसनाचे फायदे जास्त, ते जास्त वेळ. ताडासनाचे फायदे दोन वाक्यांत संपतात, म्हणून ताडासन सर्वांचं लाडकं. भुजंगासनाला पाठीचे मणके एकेक करून येतात. उत्कटासन म्हणजे खुर्ची नसताना खुर्चीवर बसणं. त्याचे फायदे सांगता सांगता सरांना एकदा एका शाळेतल्या खुर्च्यांच्या खरेदीचा घोळ आठवला आणि त्या दिवशी दोघं तिघं तिथेच जमिनीला टेकले. एका नव्या बाईंनी धीर करून विचारलं, "सर, फायदे आधी सांगितले तर?"

सर म्हणाले, "मग आसन कोण करील?"

सरकारी प्रकार याहून आटोपशीर. २०१४च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला आणि २०१५ पासून २१ जून हा योग दिवस झाला. सगळ्यांना मिळून करता यावा म्हणून पंचेचाळीस मिनिटांचा कार्यक्रम बेतलेला आहे. पण ही तारीख ज्यांनी निवडली त्यांनी कर्जतचा पाऊस पाहिला नसावा. मैदानावर चिखल, म्हणून सगळी शाळा हॉलमध्ये. पोरांना आसनात थांबवायला कुणाला मोजावं लागत नाही. फोटो निघेपर्यंत थांबायचं हे त्यांना बरोबर कळतं. फोटोग्राफरचा फ्लॅश एकदा बिघडला तेव्हा वृक्षासनाचा जो तालुका-विक्रम झाला असेल तो कुठे नोंदला गेला नाही.

योग दिवसानंतर दोन-तीन आठवड्यांत भाताची लावणी सुरू होते. इथे भातसंशोधन केंद्र आहे, कर्जत हे नाव लावलेले भाताचे वाण आहेत, आणि ते वाण चिखलात रोवणाऱ्या बायका सकाळपासून कमरेत वाकलेल्या असतात. शहरातून आलेल्या पाहुण्यांना दर पावसाळ्यात हा शोध लागतो, "अगं बघ, या तर दिवसभर उत्तानासनच करतायत!" बांधावरून असं ओरडणाऱ्या एका ताईंना खालून उत्तर मिळालं, "मंग ये की बाय खाली, तू पन कर जरा." ताई उतरल्या नाहीत. मला हा कौतुकाचा सूर कधी पटलेला नाही. लावणीत वाकणारीला थांबायचं कधी हे तिच्या श्वासाने ठरत नाही, खाचराने ठरतं. रात्री तिची कंबर धरते आणि ती बाम चोळते. तिला योगी ठरवलं की मजुरी वाढवायचा विषय निघत नाही, एवढीच त्यात सोय आहे.

पाहुणे येतात ते फार्महाउसांवरच्या शिबिरांना. कर्जत-खालापुरात आता गोठ्यांपेक्षा अशी शिबिरं लवकर सापडतात. हिरवळ, चटया, एक तिबेटी वाटी. वाटी वाजली की आसनात जायचं, पुन्हा वाजेपर्यंत तिथेच राहायचं. हल्ली यिन नावाचा प्रकार चालतो, त्यात एकेका स्थितीत तीन ते पाच मिनिटं पडून राहतात. अशाच एका शिबिरात मंडळी मालासनात, म्हणजे आपल्या साध्या उकिडव्या बसण्यात, तीन मिनिटांसाठी बसली होती. चेहरे लाल, टाचा वर, एकाने शेजारणीचा खांदा धरलेला. कुंपणाशी राखणदाराचे म्हातारे वडील तस्सेच उकिडवे बसले होते, टाचा जमिनीला टेकलेल्या, कोपरं गुडघ्यांवर. शिबिर संपल्यावर एका तरुणाने भक्तिभावाने जवळ जाऊन विचारलं, "आजोबा, तुम्ही असं किती वेळ बसता?"

"बिडी सपेस्तोवर."

तरुणाने वहीत लिहून घेतलं की नाही ते दिसलं नाही.

आता शास्त्र. माझा भाचा फिजिओथेरपी शिकतो. सुटीत तो वर्गाला आला, नौकासनात स्वादुपिंडापर्यंत टिकला, आणि नंतर त्याने सरांसमोर एक अभ्यास मांडला. १९९४ साली अमेरिकेत बँडी आणि आयरियन या दोघांनी सत्तावन्न जणांच्या मांडीमागच्या स्नायूला ताण द्यायला लावला. काहींना पंधरा सेकंद, काहींना तीस, काहींना साठ, आणि काहींना काहीच नाही. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. पंधरा सेकंदांपेक्षा तीस सेकंदांनी लवचीकपणा स्पष्ट वाढला. पण तीस आणि साठ यांत फरक पडला नाही. वर्गात आनंदाची लाट उसळली. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी तर भाच्याला पेढा द्यायचा बेत बोलून दाखवला. भाचा प्रामाणिक, त्यामुळे त्याने पुढचंही सांगितलं. ही सगळी तरुण माणसं होती. अमेरिकेतली क्रीडावैद्यक संस्था सर्वसाधारण प्रौढांना दहा ते तीस सेकंद सांगते, पण वयस्करांना तीस ते साठ. आजोबांचा पेढा जागच्या जागी राहिला.

सर शांतपणे म्हणाले, "हे झालं मांडीमागच्या स्नायूचं. स्वादुपिंडाचं काय?"

भाच्याकडे स्वादुपिंडाचा अभ्यास नव्हता. "धरा," सर म्हणाले.

मला विचाराल तर मी दोघांच्याही मध्ये पडणार नाही, पण घरी एकट्याने करणाऱ्याला सेकंदकाट्याची गरज फारशी नाही. श्वास हे बरं घड्याळ आहे. तो सावकाश चालू आहे तोवर थांबावं. तो अडकला, तोंडाने यायला लागला, दात आवळले गेले की आसन संपलं, मग पुस्तकात काहीही लिहिलेलं असो. पुस्तकातले आकडे वर्षानुवर्षं रोज करणाऱ्याच्या हिशेबाने असतात, आणि आपण सोमवारी सुरुवात करून शनिवारी त्यांना गाठायला जातो. दोन-तीन श्वासांपासून सुरू करून महिन्याभरात सहा-आठ श्वासांवर गेलं तर कुणी रागावत नाही. उलट्या आसनांना मात्र ही ढील नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शीर्षासनात डोळ्यातला दाब दुपटीच्या घरात गेलेला दिसला. काचबिंदू असलेल्याने किंवा रक्तदाब वाढलेल्याने आधी डॉक्टरला विचारावं. कुकरला विचारून उपयोग नाही. काकूंना मी हे सांगितलं. त्यांनी डोळे तपासून घेतले, ठीक निघाले, आणि आता त्या शिट्टीखेरीज डॉक्टरांचाही हवाला देतात.

एका गोष्टीचा मात्र श्वासाने उलगडा होत नाही, ती म्हणजे शवासन. तिथे श्वास सावकाशच असतो, उत्तरोत्तर जास्तच सावकाश होतो. आमच्या भागातला नोकरदार याचा सराव परतीच्या गाडीत करतो. बदलापूर गेलं की जागा होते, वांगणी, शेलू, नेरळ ही नावं कानावरून जातात, भिवपुरी रोडला मान मागे पडते. गाडी कर्जतलाच संपणारी असेल तर कुणीतरी हलवून उठवतं. खोपोलीची असेल तर कर्जतकर पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत थेट खोपोलीला जागा होतो. मग बायकोला फोन. फोनवर आधी थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही.

तर हा शवासनाचा प्रश्न गेल्या आठवड्यात वर्गातही निघाला. शेवटची दहा मिनिटं सर सर्वांना आडवं करतात आणि एकेक अवयव सैल सोडायला सांगतात. पायाची बोटं, घोटे, पोटऱ्या. गुडघ्यांपर्यंत येईतो तिसऱ्या रांगेतून घोरणं सुरू झालं. मांड्यांपर्यंत त्यात दुसरा सूर मिळाला. वर्ग संपल्यावर पहिल्या रांगेतल्या बाईंनी हरकत घेतली. झोपणाऱ्याचं शवासन धरायचं की नाही? जागं राहून सगळं शरीर सैल करणं कठीण. आम्ही ते केलं. आणि हे लोक झोपून त्याच दहा मिनिटांचा हिशेब लावणार? तिसऱ्या रांगेचं म्हणणं पडलं की सैल सोडा म्हणालात, आम्ही सोडलं. कुठे थांबायचं ते सांगितलं नव्हतंत. दोन्हीकडे वकील उभे राहिले. कुणी पतंजलींना आणलं, कुणी सहा-बावन्नची गाडी चुकेल म्हणून घाई केली.

सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, "छत्तीस वर्षं मी वर्गात झोपणाऱ्या पोरांची हजेरी लावली आहे. तुमचीही लावतो. पण घोरणाऱ्याने उद्यापासून मागच्या रांगेत झोपायचं."

दुसऱ्या दिवशी पावणेसहालाच मागच्या रांगेतल्या सगळ्या जागा चटया टाकून धरलेल्या होत्या.